धावण्याचा लगाम नाडीच्या हाती

दिवाळी सरली, हवेत थोडा गारवा आला की मुंबईतील मरीन ड्राइव्ह आणि शिवाजी पार्क, पुण्यातील तळजाई आणि विद्यापीठाचा परिसर पहाटेपासूनच धावणाऱ्यांनी गजबजू लागतो. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतर दूर पल्ल्याची धाव हा केवळ खेळाडूंचा विषय राहिला नाही. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात काम करणारी माणसे चाळिशीत प्रथमच धावण्याचे बूट पायात चढवू लागली. हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळही आता अनेकांच्या मनगटावर दिसते. मात्र त्या घड्याळातील आकड्याचे करायचे काय, हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा आकडा जितका मोठा तितका व्यायाम चांगला, अशीच अनेकांची समजूत असते. वस्तुतः त्याचा सर्वांत मोठा उपयोग नेमका उलट, म्हणजे स्वतःला आवरण्यासाठी आहे.

नवख्या धावपटूचा आठवडा सहसा एकसुरी असतो. तोच रस्ता, तेच अंतर आणि रोज जवळजवळ तोच वेग. हा वेग इतका संथ नसतो की शेजारच्याशी सहज गप्पा माराव्यात आणि इतका तीव्रही नसतो की धाप लागून थांबावे लागावे. घाम भरपूर येतो, थकवा जाणवतो, व्यायाम झाल्याचे समाधानही मिळते. सुरुवातीचे काही महिने प्रगती दिसते, मग वेळ जागच्या जागी थांबते. पुढे नडगी दुखू लागते, गुडघा कुरकुरतो, झोप उडते. ‘अजून मेहनत केली पाहिजे’ असे वाटून वेग आणखी वाढविला जातो आणि ऐन जानेवारीत स्पर्धेऐवजी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाण्याची वेळ येते. यात मेहनत कमी पडलेली नसते. सोपे दिवस पुरेसे सोपे नसतात आणि त्यामुळे कठीण दिवस पुरेसे कठीण होऊ शकत नाहीत, हे या अपयशाचे खरे कारण असते.

ठोके काय सांगतात?

निरोगी प्रौढ व्यक्तीचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० वेळा धडधडते. अनेक वर्षे दूर पल्ल्याचा सराव केलेल्या खेळाडूंमध्ये हा आकडा ४०च्या आसपासही आढळतो. सरावाने हृदयाची डावी जवनिका प्रशस्त होते, एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर फेकले जाते आणि तेच काम कमी ठोक्यांत भागते. धावताना स्नायूंची प्राणवायूची गरज वाढते, तशी हृदयाची गतीही साधारण त्याच प्रमाणात वाढत जाते. म्हणूनच नाडी हे शरीराच्या श्रमाचे बऱ्यापैकी विश्वासार्ह मापक ठरते.

वेग आणि हृदयगती यांतील फरक येथे ध्यानात घ्यायला हवा. सहा मिनिटांत एक किलोमीटर हा वेग म्हणजे बाहेर दिसणारे काम. त्या कामासाठी शरीराने मोजलेली किंमत म्हणजे हृदयगती. डिसेंबरात पुण्याच्या थंडीत हाच वेग स्वस्तात पडतो आणि मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत तोच चांगलाच महाग होतो. घड्याळातील वेग दोन्हीकडे सारखाच दिसेल. फरक कळतो तो नाडीवरून.

व्यायामशास्त्रात श्रमाच्या चढत्या श्रेणीवर दोन उंबरठे मानले जातात. पहिल्या उंबरठ्याच्या खाली रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण विश्रांतीच्या पातळीच्या जवळपास राहते, श्वास शांत असतो आणि पूर्ण वाक्ये बोलता येतात. दुसऱ्या उंबरठ्याच्या वर लॅक्टेट साचत जाते, धाप लागते आणि एखाद-दुसऱ्या शब्दापलीकडे बोलणे अशक्य होते. या दोहोंच्या मधे जो पट्टा उरतो, त्यातच हौशी धावपटूंचा बराचसा सराव खर्ची पडतो.

गेर्शलर ते सायलर

नाडी मोजून धावण्याची कल्पना नवी नाही. १९३०च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयविज्ञानाचे अभ्यासक हर्बर्ट राइन्डेल यांनी तुकड्यातुकड्यांनी धावण्याची पद्धत शास्त्रीय पायावर उभी केली. छोटे अंतर जोरात धावून नाडी १८०च्या जवळ न्यायची, मग ती १२०वर उतरेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा धावायचे. नाडी उतरायला दीड मिनिटाहून अधिक वेळ लागला, तर दिलेले काम त्या खेळाडूसाठी जास्त झाले असे समजायचे. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडले. हा विश्वविक्रम १९५५पर्यंत अबाधित राहिला.

दुसऱ्या टोकाचा विचार न्यूझीलंडमधून आला. तेथील प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या शिष्यांकडून, मग ते मध्यम पल्ल्याचे धावपटू का असेनात, आठवड्याला १६० किलोमीटरच्या आसपास धाव करून घेत. दम साधणाऱ्या या धावांचा पाया पक्का झाल्यावरच वेगाच्या सरावाला सुरुवात होई. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॉलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले आणि जगाचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाच्या बिल बॉवरमन यांनी कठीण दिवसानंतर सोपा दिवस हा नियम रूढ केला.

तोवर नाडी मोजायची तर धावणे थांबवून मानेवर बोट ठेवावे लागे. फिनलंडमधील ओउलू शहराजवळ १९७७ साली स्थापन झालेल्या पोलार कंपनीने ही अडचण दूर केली. छातीच्या पट्ट्यातून मनगटावरील घड्याळाकडे ठोक्यांची नोंद बिनतारी पाठविणारे तिचे उपकरण १९८२ साली बाजारात आले. पूर्वी फक्त प्रशिक्षकाच्या अनुभवावर चालणारी गोष्ट त्यामुळे प्रत्यक्ष मोजता येऊ लागली.

या मोजमापातून एक रंजक चित्र पुढे आले. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील तरुण स्कीपटूंच्या सरावाची तपासणी केली. त्यांची सुमारे तीन चतुर्थांश सत्रे पहिल्या उंबरठ्याच्या खाली होत होती. मधल्या पट्ट्यात फारच थोडी सत्रे होती आणि उरलेली दुसऱ्या उंबरठ्याच्या वर होती. नौकानयन, सायकलिंग, दूर पल्ल्याची धाव अशा अन्य खेळांतील अव्वल खेळाडूंच्या नोंदीही बहुतांशी याच्याशी मिळत्याजुळत्या होत्या. यातूनच पाचपैकी चार सत्रे सोपी आणि एक कठीण, असे ‘८०-२०’ हे सूत्र रुळले. हे प्रमाण सत्रांचे आहे, मिनिटांचे नव्हे. कठीण सत्रातही अंग गरम करणे आणि थंड करणे यांत बराच वेळ जातो. त्यामुळे वेळेच्या हिशेबाने सोप्या धावण्याचा वाटा ९० टक्क्यांच्या जवळ जातो.

स्पेनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ धावपटूंचे दोन गट पाच महिने वेगवेगळ्या पद्धतीने सराव करीत होते. एकूण भार दोन्हीकडे सारखा होता, मात्र ज्यांच्या सरावात सोप्या धावण्याचा वाटा अधिक होता, त्यांची स्पर्धेतील वेळ अधिक सुधारली. त्याच वर्षी नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील संशोधकांनी नाण्याची दुसरी बाजू दाखविली. आठ आठवड्यांच्या त्यांच्या प्रयोगात केवळ संथ धावणाऱ्या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली नाही. चार-चार मिनिटांचे चार जोरदार टप्पे धावणाऱ्यांची मात्र ती ७ टक्क्यांच्या आसपास वाढली. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर अर्थ स्पष्ट होतो. संथ धाव हा पाया आहे, पण नुसत्या पायाने घर उभे राहत नाही.

येथे एक सावधगिरीही हवी. ८०-२०चे सूत्र प्रामुख्याने आठवड्याला दहा-वीस तास सराव करणाऱ्या खेळाडूंवरून आले आहे. २०१४ साली हौशी धावपटूंवर झालेल्या दहा आठवड्यांच्या एका प्रयोगात मधल्या पट्ट्यात अधिक धावणाऱ्यांचीही प्रगती झाली आणि दोन्ही गटांतील फरक निर्णायक ठरला नाही. आठवड्यातून तीनच दिवस धावणाऱ्याने त्या प्रमाणाचा हट्ट धरण्याचे कारण नाही. सोपे आणि कठीण यांत स्पष्ट अंतर ठेवले, तरी पुष्कळ साधते.

संथ धावेची किमया

संथ धावण्याने काही होत नाही, असा समज दृढ आहे. प्रत्यक्षात याच धावण्यात स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात आणि चरबीचे इंधन वापरण्याची क्षमता सुधारते. हाडे आणि कंडरा यांना स्नायूंपेक्षा बळकट व्हायला अधिक काळ लागतो. तो काळ मोठ्या इजेशिवाय मिळवून देण्याचे काम संथ धाव करते. शिवाय तिचा शीण लवकर उतरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येते. सहनशक्तीच्या खेळात महिनोन् महिने न खंडता सराव होणे हे एखाद्या दिवसाच्या पराक्रमापेक्षा मोलाचे असते.

आपला आकडा कोणता?

कमाल हृदयगती काढण्यासाठी २२०मधून वय वजा करण्याचे सूत्र सर्वत्र वापरले जाते. १९७०च्या सुमारास हृदयविकाराच्या अभ्यासातून ते रूढ झाले. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांच्या आधारे दुसरे सूत्र मांडले. त्यानुसार वयाला ०.७ने गुणून येणारी संख्या २०८मधून वजा करायची. चाळिसाव्या वर्षी दोन्ही सूत्रांचे उत्तर १८० असेच येते. साठाव्या वर्षी मात्र जुने सूत्र १६० सांगते आणि नवे १६६. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल गतीत २० ठोक्यांचा फरक असणे मुळीच अस्वाभाविक नाही. त्यामुळे सूत्राचा आकडा ही केवळ सुरुवात समजावी.

फिनलंडचे मार्टी कार्व्होनेन यांच्या १९५७च्या संशोधनावरून आलेली पद्धत अधिक व्यक्तिनिष्ठ आहे. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच विश्रांतीची नाडी मोजावी. कमाल गतीतून ती वजा केली की ‘राखीव हृदयगती’ मिळते. तिचा हवा तो टक्का काढून त्यात विश्रांतीची नाडी पुन्हा मिळवायची. उदाहरणार्थ, एखाद्याची कमाल गती १८२ आणि विश्रांतीची नाडी ५८ असेल, तर राखीव गती १२४ येते. तिचे ७० टक्के म्हणजे ८७ आणि त्यात ५८ मिळविल्यास १४५. सोप्या दिवशी या व्यक्तीने साधारणपणे १४५ची मर्यादा ओलांडू नये. याच पद्धतीने ८५ टक्के काढले तर १६३ येतात. त्याच्या आसपास कठीण सरावाचा प्रदेश सुरू होतो. कमाल गतीचेच थेट ७० टक्के काढले असते, तर उत्तर १२७ आले असते. म्हणून कोणताही तक्ता वाचताना त्यातील टक्के कशाचे आहेत, हे आधी तपासावे.

आकड्याची खातरजमा करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे बोलणे. धावता धावता दोन-तीन पूर्ण वाक्ये न अडखळता बोलता येत असतील, तर धाव सोपी आहे. वाक्याच्या मधे श्वास घ्यावा लागत असेल, तर घड्याळ काहीही सांगो, वेग कमी करावा.

आठवड्याची मांडणी

वरील उदाहरणातील व्यक्ती आठवड्यातून पाच दिवस धावत असेल, तर चार दिवस १४५च्या आत आणि एक दिवस जोराचा, अशी मांडणी करता येते. मंगळवारी पंधरा मिनिटे अंग गरम करून चार मिनिटांचे चार जोरदार टप्पे धावावेत. दोन टप्प्यांच्या मधे तीन मिनिटे अगदी संथ धाव असावी. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस नाडी कमाल गतीच्या ९० ते ९५ टक्के, म्हणजे १६४ ते १७३ या दरम्यान यावी. बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी चाळीस-पंचेचाळीस मिनिटे सोपी धाव आणि रविवारी दीड तासाची लांब, पण सोपीच धाव. सोमवार आणि गुरुवार विश्रांतीचे. ज्याने अद्याप सलग अर्धा तासही धाव घेतलेली नाही, त्याने पहिले दोन-तीन महिने जोराचा दिवस गाळावा.

सुरुवातीला ही शिस्त जाचक वाटते. १४५च्या आत राहायचे तर चढावर चक्क चालावे लागते. मागून येणारे, वयाने मोठे धावपटू पुढे निघून जातात. अनेकांचा निश्चय येथेच ढळतो. अशा वेळी महिन्यातून एकदा एक छोटी चाचणी घ्यावी. सपाट, ठरलेल्या रस्त्यावर, शक्यतो सारख्याच हवेत, नाडी १४०वर ठेवून पाच किलोमीटर धावावे आणि लागलेला वेळ वहीत नोंदवावा. सराव योग्य दिशेने चालला असेल, तर त्याच नाडीला लागणारा वेळ महिन्यागणिक कमी होत जातो. आपली प्रगती याहून प्रामाणिकपणे दाखविणारी दुसरी नोंद क्वचितच सापडेल.

सकाळच्या विश्रांतीच्या नाडीचीही नोंद ठेवणे हिताचे असते. ती सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा पाच ते दहा ठोक्यांनी अधिक भरली, तर अपुरी झोप, ताण, येऊ घातलेला ताप किंवा सरावाचा अतिरेक यांपैकी काहीतरी घडते आहे, असे समजावे. त्या दिवशीचा जोराचा सराव पुढे ढकलावा. अंगात ताप असताना तर मुळीच धावू नये.

आकडा फसवतो तेव्हा

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या प्रवाहातील चढउतार वाचते. घड्याळ सैल असेल, हात गार पडला असेल, तर ते चुकते. काही वेळा ते हृदयाऐवजी पावलांचाच ताल मोजू लागते. संथ धावत असताना अचानक १७० असा आकडा दिसला आणि श्वास मात्र शांत असेल, तर संशय घड्याळावर घ्यावा. पट्टा मनगटाच्या हाडाच्या किंचित वर आणि घट्ट बांधल्यास चुका कमी होतात.

हृदयाची गती श्रमाच्या थोडी मागून चढते. त्यामुळे ३० किंवा ४० सेकंदांच्या वेगवान तुकड्यांत नाडी पाहण्यात अर्थ नसतो. ती चढेपर्यंत तुकडा संपलेला असतो. तेथे वेग आणि स्वतःची जाणीव यांवरच विसंबावे.

लांब धावेत वेग स्थिर असूनही तासाभरानंतर ठोके दहा-पंधराने वाढलेले दिसतात. घामावाटे पाणी जाते, त्वचा थंड ठेवण्यासाठी रक्त तिकडे वळते, एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त घटते आणि ती तूट हृदय गतीने भरून काढते. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे हा परिणाम अधिक जाणवतो. अशा वेळी सोप्या दिवशी नाडी सांभाळून वेग कमी होऊ द्यावा. डोंगरी रस्त्यावरही हेच तत्त्व लागू पडते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढताना सपाटीवरचा वेग टिकविण्याचा प्रयत्न करणे म्हणजे उतार लागण्याआधीच शक्ती संपविणे होय.

वैद्यकीय सल्ला आधी

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, धूम्रपानाची सवय किंवा घरात अकाली हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी जोराचा सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. कमाल हृदयगती शोधण्यासाठी एकट्याने जीव तोडून धावण्याचा प्रयोग तर त्यांनी कदापि करू नये. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच कमी राहते, म्हणून वरील सूत्रे त्यांना लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ही श्रमाची मोजपट्टी किंवा बोलण्याची कसोटी अधिक उपयोगी आहे. धावताना छातीवर दाब येणे, जबडा किंवा डावा हात दुखणे, चक्कर येणे, ठोके अनियमित होणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. मनगटावरील आकडा नेहमीसारखा दिसतो म्हणून या लक्षणांकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते.

स्पर्धेच्या दिवशीही नाडीचा पहिला उपयोग आवरण्यासाठीच असतो. गर्दी, वाद्ये, टाळ्या यांच्या भरात सुरुवातीचे किलोमीटर सहज वेगाने जातात आणि त्याची वसुली उत्तरार्धात होते. मुंबई मॅरेथॉन धावलेल्यांना परतीच्या वाटेवरील पेडर रोडची चढण चांगलीच ठाऊक असते. तेथे चालू लागलेल्यांपैकी कित्येकांची शक्ती पहिल्या दहा किलोमीटरमध्येच खर्ची पडलेली असते. वर्षभर सोप्या दिवशी वेग आवरायला जो शिकला, त्याला ही चढण धावत पार करण्याची संधी अधिक असते.